इंदूरहून सूर्य पाहायला जाताना: उज्जैनची वेधशाळा आणि सौर दुर्बिणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरची आम्ही काही मराठी मंडळी दर हिवाळ्यात सूर्यदर्शनाची एक दिवसाची सहल काढतो. सकाळी इंदूरमध्येच एका मोकळ्या गच्चीवर फिल्टर लावलेल्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा आणि दुपारच्या आत उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत पोहोचून दगडी यंत्रांवर त्याची सावली वाचायची, असा हा क्रम असतो. या सहलीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत.

१. उज्जैनच्या वेधशाळेत दुर्बीण नसतानाही सूर्य पाहता येतो, म्हणजे नेमके काय पाहता येते?

जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यांनी क्षिप्रेच्या काठाजवळ ही वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन या त्यांच्या पाच वेधशाळांपैकी मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची वेधशाळाही मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद होते आणि तेथील शंकुयंत्र त्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधले गेले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

या यंत्रांत भिंग नाही. सम्राट यंत्र, नाडीवलय, भित्तियंत्र, दिगंश यंत्र आणि शंकुयंत्र ही सारी चुन्या-दगडाची बांधकामे आहेत. सूर्य आकाशात कोठे आहे, मध्यान्हाला किती वेळ उरला आहे, तो विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे त्यांवरील सावलीवरून वाचता येते. सूर्याचा पृष्ठभाग पाहायचा असेल तर मात्र दुर्बीणच हवी (प्रश्न ६ पाहा).

२. सहलीसाठी कोणता महिना आणि कोणती वेळ चांगली?

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत माळव्याचे आकाश बहुधा स्वच्छ असते. एप्रिल-मेमध्ये ऊन असह्य होते, आणि जूनच्या मध्यानंतर ढगांचा भरवसा नसतो.

दुर्बिणीसाठी सकाळ उत्तम. जमीन आणि गच्ची तापू लागली की वर चढणाऱ्या गरम हवेमुळे सूर्याची कड पाण्यात पाहिल्यासारखी थरथरते, म्हणून साडेनऊच्या आत पाहून घ्यावे. दगडी यंत्रांचे याच्या अगदी उलट आहे. त्यांचे खरे वैभव मध्यान्ही कळते, आणि उज्जैनचे मध्यान्ह आपल्या घड्याळात बाराला कधीच होत नाही (प्रश्न ८ पाहा). त्यामुळे सकाळी पोहे खाऊन गच्चीवर जमावे, दुर्बिणीचे काम उरकावे आणि साडेअकरापर्यंत उज्जैनला पोहोचावे, हेच वेळापत्रक आम्हाला सोयीचे वाटते. अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. श्रावणातील सोमवारी आणि महाशिवरात्रीच्या सुमारास महाकालाच्या दर्शनासाठी मोठी गर्दी असते. ते दिवस टाळावेत. वेधशाळेच्या वेळा आणि प्रवेशशुल्क यांची निघण्यापूर्वी चौकशी करावी.

३. दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यावर डोळे जात नाहीत का?

योग्य फिल्टर नसेल तर क्षणार्धात जाऊ शकतात, आणि याबाबत आम्ही कोणतीही सूट देत नाही. दिवसा आपल्या बाहुलीचा व्यास दोन-तीन मिलिमीटर असतो. ७० मिलिमीटर व्यासाची लहानशी दुर्बीणसुद्धा त्याच्या सातशे-आठशे पट प्रकाश गोळा करते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते, म्हणून इजा होत असताना काहीच दुखत नाही. दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग पडला आहे हे काही तासांनी लक्षात येते, आणि तो कायमचा राहू शकतो.

सुरक्षित मार्ग एकच आहे: प्रकाश दुर्बिणीत शिरण्यापूर्वीच अडवायचा. यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगाच्या आधी, खास सौर फिल्टर घट्ट बसवतात. डोळ्याने पाहण्यासाठीचा असा फिल्टर सूर्यप्रकाशाचा लाखातला जेमतेम एक भाग आत सोडतो. दरवेळी तो बसवण्यापूर्वी आम्ही उन्हाकडे धरून त्यावर टाचणीएवढे छिद्र किंवा ओरखडा नाही ना, हे पाहतो, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावतो. काही जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेला, म्हणजे ज्या भिंगाला आपण डोळा लावतो त्याला, लावायची काळी काच येते. ती काच एकवटलेल्या उष्णतेने तडकते, त्यामुळे अशी काच कोणाकडे असल्यास ती फोडून टाकावी, असेच आम्ही सांगतो.

मुख्य दुर्बिणीवर बसवलेली लहान शोधक दुर्बीण लोक विसरतात. तिचेही तोंड झाकलेले हवे. आमच्या एका सहलीत ती उघडी राहिली आणि मागे उभ्या असलेल्या बाईंच्या शालीला भोक पडले. त्या जागी कोणाचा डोळा असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

४. आमच्याकडे ग्रहणाचे चष्मे आहेत. ते घालून साध्या दुर्बिणीतून पाहिले तर चालेल का?

मुळीच नाही. ग्रहणाचा चष्मा उघड्या डोळ्यावर पडणाऱ्या उन्हासाठी बनवलेला असतो. दुर्बिणीने एकवटलेला प्रकाश ती पातळ फिल्म जाळून थेट डोळ्यात जातो. हाच नियम द्विनेत्री दुर्बिणीला आणि कॅमेऱ्याच्या लांब लेन्सला लागू आहे.

नुसत्या डोळ्यांनी सूर्य पाहण्यासाठी मात्र ‘आयएसओ १२३१२-२’ या मानकाचे, न चुरगळलेले चष्मे योग्य आहेत. पुष्कळ मोठा सौर डाग असेल तर तो अशा चष्म्यातूनही दिसतो.

५. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, वेल्डिंगची काच यांचे काय?

काजळीची काच आणि क्ष-किरणांची फिल्म दोन्ही टाकून द्याव्यात. त्यांतून सूर्य मंद दिसतो खरा, पण न दिसणारे अवरक्त किरण डोळ्यापर्यंत पोहोचतच राहतात. मंद दिसते म्हणून माणूस अधिक वेळ पाहत राहतो आणि इजा वाढते. वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच नुसत्या डोळ्यांसाठी चालते. त्याहून कमी क्रमांकाची आम्ही वापरू देत नाही, आणि दुर्बिणीसाठी तर कोणतीच नाही.

६. दुर्बिणीतून सूर्यावर काय दिसते? ‘हायड्रोजन-अल्फा’ दुर्बीण वेगळी असते का?

साध्या सौर फिल्टरमधून सूर्याचा दीप्तिगोल दिसतो, म्हणजे ज्या थरातून आपल्याला प्रकाश मिळतो तो सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा थर. त्यावरचे सौर डाग हजार-दोन हजार अंशांनी थंड असतात, म्हणून शेजारच्या तेजापुढे काळे भासतात. तोच डाग रात्रीच्या आकाशात एकटा ठेवता आला असता तर तो झगझगीत चमकला असता. डागाचा मध्य गडद आणि भोवतीची झालर करडी असते. पहिल्या नजरेत हे दोन्ही वेगळे दिसत नाहीत, म्हणून घाई न करता किमान दोन मिनिटे नेत्रिकेपाशी थांबावे. सूर्याची कड मध्यापेक्षा मंद असते हेही नीट पाहावे: कडेपाशी आपली नजर तिरकी जात असल्याने ती वरच्या, तुलनेने थंड थरांपर्यंतच पोहोचते.

हायड्रोजन-अल्फा दुर्बीण ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीभोवतीची अत्यंत अरुंद लाल पट्टी सोडून बाकी सारा प्रकाश गाळते. त्यामुळे दीप्तिगोलाच्या वरचा वर्णगोल दिसतो: कडेवर उभ्या राहिलेल्या लाल कमानी, म्हणजे सौरशृंगे, आणि तबकडीवर पडलेल्या काळ्या धाग्यांसारखे पट्टे. कमान आणि पट्टा ही एकच वस्तू आहे, हे समजल्यावर लोकांना नवल वाटते. आकाशाच्या काळ्या पार्श्वभूमीवर ती उजळ दिसते आणि सूर्याच्या तबकडीवर तीच काळी दिसते. कमानीची उंची मोजण्यासाठी एक सोपे माप ध्यानात ठेवावे: सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे, म्हणून तबकडीच्या शंभराव्या भागाएवढी कमान म्हणजे आपल्या पृथ्वीहूनही किंचित उंच.

ही दुर्बीण महाग असते आणि आमच्याकडे ती नेहमी नसते. ज्या सहलीत मिळणार असेल, त्या वेळी आधी कळवतो.

७. मी आलो तेव्हा एकही डाग नव्हता. दुर्बीण खराब होती का?

बहुधा नाही. सौर डागांचे प्रमाण सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. २०२४ मध्ये सूर्य त्याच्या ऐन भरात होता. चक्र उतरणीला लागले की डाग नसलेले दिवस वाढत जातात. शिवाय पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे या आठवड्यात रिकामी दिसलेली बाजू पुढच्या आठवड्यात डागांनी भरलेली असू शकते. लागोपाठ चार-पाच दिवस कागदावर वर्तुळ काढून डागांच्या जागा टिपल्या, तर हे फिरणे घरबसल्या दिसते. आमच्याकडील शाळकरी मुलांनी हे अनेकदा केले आहे.

८. सम्राट यंत्रावरची वेळ माझ्या घड्याळाशी जुळत नाही. यंत्र चुकते का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण यंत्र बरोबर असते.

सम्राट यंत्राच्या मधल्या भिंतीची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणजे ती क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाएवढा, सुमारे २३ अंशांचा कोन करते. तिची सावली सकाळी पश्चिमेकडील आणि दुपारनंतर पूर्वेकडील चतुर्थांश वर्तुळावर पडते आणि ताशी १५ अंशांनी सरकते. ही उज्जैनची खरी सौर वेळ आहे. घड्याळातील वेळ मिळवण्यासाठी तिच्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात.

पहिली दुरुस्ती रेखांशाची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने उज्जैनमध्ये सूर्य सुमारे २७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ही दुरुस्ती वर्षभर तीच राहते.

दुसरी दुरुस्ती कालसमीकरणाची, आणि ती रोज बदलते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी खरा सूर्य घड्याळाच्या कल्पित, एकसारख्या गतीच्या सूर्यापेक्षा कधी मागे तर कधी पुढे असतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो सुमारे १४ मिनिटे मागे असतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर यांच्या आसपास ही दुरुस्ती शून्य होते.

उदाहरण घेऊ. १० फेब्रुवारीला सम्राट यंत्रावर अकरा वाजलेले दिसले, तर घड्याळात २७ अधिक १४, म्हणजे ११ वाजून ४१ मिनिटे झालेली असतील. ३ नोव्हेंबरला यंत्रावर अकरा असताना २७ उणे १६, म्हणजे घड्याळात ११ वाजून ११ मिनिटे. याच कारणाने उज्जैनचे मध्यान्ह नोव्हेंबरात सव्वाबाराच्या आधी आणि फेब्रुवारीत पाऊण वाजण्याच्या सुमारास होते. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्यावा. सावली आणि मनगटावरचे घड्याळ मिनिटाच्या फरकाने जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, त्यासाठी आम्ही ही सहल दरवर्षी काढतो.

९. सावलीची कड धूसर असते. नेमके कोठे वाचायचे?

सूर्य बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीला धूसर किनार येते. भिंतीची कड एक मीटर दूर असेल तर ही किनार सुमारे नऊ मिलिमीटर रुंद असते, आणि अंतर वाढेल तशी ती वाढत जाते. वेळेच्या भाषेत ती सर्वत्र दोन मिनिटांची असते, कारण सूर्याला आपल्या रुंदीएवढे सरकायला तेवढाच वेळ लागतो. जेथे गडद सावली संपते आणि जेथे पूर्ण ऊन सुरू होते, त्या दोन्ही जागा वाचून मध्य घ्यावा. यंत्रावर मिनिटाच्या तिसऱ्या भागापर्यंत खुणा आहेत. सराव झाल्यावर त्यांचा खरोखरच उपयोग होतो.

१०. २१ जूनला उज्जैनमध्ये सावली नाहीशी होते, हे खरे का?

जवळजवळ खरे आहे. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य कर्कवृत्तावर, सुमारे २३ अंश २६ कलांवर असतो, आणि वेधशाळा त्याच्या दक्षिणेला सुमारे पाव अंशावर आहे. एक मीटर उंच काठीची सावली तेव्हा साडेचार मिलिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडते, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. काटेकोरपणे पाहिले तर उज्जैनचे शून्य सावलीचे दिवस १२-१३ जून आणि २९-३० जूनच्या सुमारास येतात, इंदूरचे ६-७ जून आणि ५-६ जुलैच्या सुमारास. बडोद्याच्या नातेवाइकांनी २-३ जूनच्या सुमारास पाहावे. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे शून्य सावली कधीच होत नाही.

११. उत्तरायण संक्रांतीला सुरू होते ना? मग यंत्रे २२ डिसेंबर का दाखवतात?

भित्तियंत्र मध्यान्ही सूर्य खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, किती अंश दूर आहे हे दाखवते. उज्जैनमध्ये २२ डिसेंबरच्या सुमारास हे अंतर सर्वाधिक, सुमारे ४६.६ अंश असते. १४ जानेवारीला ते सुमारे ४४.५ अंशांवर आलेले असते, म्हणजे संक्रांतीपर्यंत सूर्य आपल्या रुंदीच्या चौपट उत्तरेला सरकलेला असतो. डोळ्यांना दिसणारे उत्तरायण डिसेंबरातच सुरू होते.

संक्रांत निरयन पद्धतीने, ताऱ्यांच्या संदर्भात मोजतात. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद परांचनामुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या डुलण्यामुळे, सायन (ऋतूंना धरून मोजलेल्या) आणि निरयन राशींत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडला आहे. तो दर ७२ वर्षांनी सुमारे एका अंशाने वाढतो. सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिराच्या काळी दिसणारे उत्तरायण आणि संक्रांत यांत फारच थोडे अंतर होते. तिळगूळ १४-१५ जानेवारीलाच वाटावा, यात काही चूक नाही. फक्त आकाशातील घटना कोणती आणि गणनेतील कोणती, हे माहीत असावे.

नाडीवलय याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवते. त्याची तबकडी विषुववृत्ताला समांतर असल्याने सूर्य उत्तर गोलार्धात असताना सहा महिने तिच्या उत्तर बाजूवर ऊन पडते आणि उरलेले सहा महिने दक्षिण बाजूवर.

१२. लहान मुले, चष्मेवाले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोक येऊ शकतात का?

सगळ्यांनी यावे. सहा-सात वर्षांखालील मुलांना एक डोळा मिटून नेत्रिकेतून पाहणे जमत नाही. त्यांच्यासाठी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून दाखवतो आणि त्या वेळी दुर्बिणीपाशी एक मोठे माणूस सतत उभे असते. चष्मा काढून पाहिले तरी चालते, स्पष्टता स्क्रूने जुळवता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारावे. लाल रंग मंद दिसणाऱ्यांना हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीत फारसे काही दिसत नाही. त्यांनी पांढऱ्या प्रकाशाची दुर्बीण निवडावी.

१३. मोबाइलने फोटो काढता येईल का?

फिल्टर लावलेल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेवर मोबाइल स्थिर धरून काढता येतो. प्रकाशाचे प्रमाण हाताने कमी करावे, नाहीतर डाग उजेडात हरवतात.

१४. सूर्यावर एक छोटा, अगदी गोल काळा ठिपका दिसला. तो बुध होता का?

बुधाचे पुढचे अधिक्रमण, म्हणजे सूर्याच्या तबकडीसमोरून जाणे, १३ नोव्हेंबर २०३२ ला आहे आणि ते भारतातून दुपारी दिसेल. शुक्राचे तर २११७ मध्ये. त्यामुळे तो लहान डाग असावा. डागाला बहुधा झालर असते आणि तासाभरात तो जागेवरून हललेला जाणवत नाही. काही सेकंदांत सरकून गेलेली आकृती पक्ष्याची किंवा विमानाची असते.

१५. खऱ्या मोठ्या सौर वेधशाळा पाहायच्या असतील तर?

इंदूर आणि बडोदा दोन्हींकडून सोयीची उदयपूर सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर आहे. डॉ. अरविंद भटनागर यांनी ती १९७० च्या दशकात उभारली आणि आज ती अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा भाग आहे. भोवतीच्या पाण्यामुळे हवा कमी तापते आणि प्रतिमा स्थिर राहते, म्हणून ही जागा निवडली गेली. तेथे ५० सेंटिमीटर व्यासाची सौर दुर्बीण आहे. ती संशोधनाची जागा असल्याने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये.

कोडाईकनालची वेधशाळा १८९९ ची. तेथेच १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी सौर डागांच्या झालरीत वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधून काढले. तेथील बोगदा-दुर्बीण ६० मीटर लांबीच्या भुयारातून सूर्याची सुमारे ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा पाडते. मराठी वाचकांसाठी आणखी एक धागा आहे: पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती, ती १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

१६. आदित्य-एल१ अवकाशात असताना जमिनीवरून सूर्य पाहण्यात काय अर्थ आहे?

२ सप्टेंबर २०२३ ला निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत पोहोचलेले आदित्य-एल१ हे भारताचे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर अखंड लक्ष ठेवते. त्यावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने विकसित केली आहे, आणि ती टिपते त्यातील बरेचसे किरण वातावरणात शोषले जात असल्याने जमिनीवरून मिळणे शक्यच नाही. याउलट कोडाईकनालकडे शंभरहून अधिक वर्षांच्या सौर प्रतिमा आहेत आणि अनेक चक्रांची तुलना अशा दीर्घ नोंदींवरूनच होते. या दोन्ही कामांना एकमेकांची गरज आहे.

१७. येत्या काळात इंदूरहून सूर्यग्रहण दिसणार आहे का?

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल, पण तो भर पावसाळा आहे. २१ मे २०३१ चे कंकणाकृती ग्रहण दक्षिण भारतातून जाईल. ग्रहण खंडग्रास असताना, सूर्य कितीही झाकलेला असला तरी, प्रश्न ३ ते ५ मधील सर्व नियम तसेच लागू राहतात.

१८. त्या दिवशी आभाळ आले तर?

दाट ढग असतील तर दुर्बिणीचा कार्यक्रम रद्द करतो आणि आदल्या रात्री दहापर्यंत कळवतो. उज्जैनला तरीही जातो, कारण ढगांच्या फटीतून मध्यान्हाची पाच मिनिटे मिळाली तरी भित्तियंत्र वाचून होते.

पातळ ढग हा खरा धोक्याचा प्रसंग आहे. फिल्टरमधून सूर्य फिका दिसतो आणि ‘थोडा वेळ फिल्टर काढून पाहू’ असे कोणीतरी म्हणतेच. एकदा आमच्यातील एका अनुभवी माणसाचाही हात फिल्टरकडे गेला होता. शेजारच्याने तो धरला आणि पुढच्याच मिनिटाला ढग सरकून लख्ख ऊन पडले. सूर्य फिका दिसला तर थांबावे किंवा दुर्बीण बाजूला वळवावी. फिल्टर मात्र दुर्बिणीचे तोंड सूर्यापासून पूर्ण वळवल्याशिवाय काढू नये.